नवीन लॉग स्प्लिटर आणि "ताकद कमी पडतेय" ही तक्रार: एका मशीनचं पूर्ण प्रकरण

घरच्या सरपणासाठी पहिल्यांदाच हायड्रॉलिक लॉग स्प्लिटर, म्हणजे ऑइलच्या दाबाने पाचर ढकलून ओंडके फोडणारं मशीन, घेतलं की सुरुवातीच्या दिवसांत एक तक्रार हमखास येते, मशीनला ताकद कमी पडतेय, जास्त टनाचं घ्यायला हवं होतं. माझ्या ताईकडे अगदी हेच झालं. दाजींनी मशीन परत करायचं मनात पक्कं केलं होतं, आणि पुढे त्याच मशीनवर जवळपास सगळं लाकूड फुटलं, एकही पार्ट न बदलता. म्हणून हे प्रकरण सुरुवातीपासून लिहून काढतोय, कारण यात जे जे अडत होतं त्यातलं काहीच टनाशी संबंधित नव्हतं आणि नवीन माणूस नेमका तिथेच पैसे घालवतो.

मशीन आणि लाकूड

मशीन साधंच आहे. पेट्रोल इंजिन, साधारण ७ एचपीचं, त्याला थेट जोडलेला दोन टप्प्यांचा गिअर पंप, पहिल्या टप्प्यात मिनिटाला ४० लिटरच्या आसपास ऑइल देणारा. आडवं ठेवूनही चालतं आणि उभंही करता येतं, म्हणजे पाचर पिस्टनच्या टोकाला बसवलेली आहे आणि ती सरकत जाऊन ओंडक्यात घुसते, समोरच्या टोकाला जाड लोखंडी प्लेट आहे, ओंडक्याचं बूड त्या प्लेटवर टेकतं. सिलिंडरचा आतला व्यास ११० मिमी, स्ट्रोक, म्हणजे पिस्टन सरकतो ते अंतर, ६०० मिमी, स्टिकरवर २० टन.

लाकूड दोन प्रकारचं होतं. एक वादळात पडलेलं झाड, ओलं, सरळ खोडाचं. दुसरं बरेच दिवस कडेला वाळत पडलेलं निलगिरीचं, गाठी भरपूर आणि दोन-तीन मोठी बेचकी. दाजी आणि त्यांच्या पुतण्याने मिळून चेनसॉने सगळ्याचे ओंडके पाडले होते, कुठे काप सरळ कुठे तिरका, जसं जमेल तसं, आणि हे जसं जमेल तसंच पुढे बराच त्रास देऊन गेलं.

तक्रार अशी होती की पिस्टन झटके देत देत पुढे जातो, ओंडक्याला पाचर लागली की थोडी घुसते आणि तिथेच थांबते, पंप किंचाळल्यासारखा आवाज करतो, आणि टाकीच्या झाकणातून फेस बाहेर येतो. शिवाय काही ओंडके फुटायच्या ऐवजी उचलले जातात आणि बाजूला उडी मारतात. दाजींचं म्हणणं, "हे २० टन नसणारच, दहा पण नसेल."

आधी २० टनांचा हिशोब

हा हिशोब कुणालाही घरी करता येतो आणि मशीन घ्यायच्या आधीच करावा असं माझं ठाम मत आहे. ताकद म्हणजे ऑइलचा दाब गुणिले पिस्टनचं क्षेत्रफळ, बस. ११ सेंमी व्यासाच्या पिस्टनचं क्षेत्रफळ साधारण ९५ चौरस सेंमी येतं. दाब २०० बार धरला तर दर चौरस सेंमीवर सुमारे २०४ किलो, गुणाकार केला की १९ टनांच्या थोडं वर. म्हणजे स्टिकर खोटं बोलत नव्हतं. याच दाबावर १०० मिमीचा सिलिंडर असता तर १६ टन आले असते, व्यासात फक्त १ सेंमीचा फरक पण ताकदीत २१ टक्क्यांचा, कारण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं. त्यामुळे दोन मशीन शेजारी ठेवून तुलना करायची असेल तर स्टिकर वाचण्याआधी सिलिंडरचा आतला व्यास आणि रिलीफ व्हॉल्व्हचा (ठरावीक दाबाच्या वर गेलं की ऑइल परत सोडणारा व्हॉल्व्ह) दाब विचारा, बाकी सगळं त्यातूनच निघतं.

आणि लागते किती? सरळ रेषांचं (रेषा म्हणजे लाकडाचे तंतू), गाठ नसलेलं, २५-३० सेंमी जाडीचं ओलं लाकूड ५ ते ७ टनांच्या छोट्या इलेक्ट्रिक मशीनवरसुद्धा फुटतं. तेव्हा २० टनांचं मशीन वादळात पडलेल्या त्या साध्या सरळ ओंडक्यात अडकत असेल तर टन कमी आहेत असं म्हणण्यात अर्थ नाही, दाब तयारच होत नाहीये असं म्हणायला पाहिजे. मग दाब का होत नाही ते शोधायचं.

दोन टप्प्यांचा पंप काय करतो तेही इथेच सांगतो. पिस्टन रिकामा सरकत असतो तेव्हा पंपाचे दोन्ही भाग मिळून भरपूर ऑइल देतात, वेग जास्त, दाब कमी. पाचर लाकडाला लागून दाब साधारण ४० बारच्या आसपास गेला की मोठा भाग बायपास होतो, म्हणजे त्याचं ऑइल सिलिंडरकडे जात नाही, आणि फक्त छोटा भाग ढकलत राहतो, वेग जवळपास चौथ्या हिश्शावर येतो पण दाब पूर्ण चढतो. म्हणून लाकडात घुसताना मशीन एकदम हळू होणं हे अगदी बरोबर आहे, तो दोष नाही, नवीन माणसाला मात्र तिथेच वाटतं की मशीन दमलं. दाजींच्या मशीनचं दुखणं वेगळं होतं, ते रिकामं असतानाच झटके देत होतं.

टाकीत फेस

इंजिन बंद करून, पिस्टन पूर्ण आत घेतलेला असताना डिपस्टिक बाहेर काढली. खालच्या टोकाला फक्त पिवळट फेस चिकटलेला, बारीक बुडबुड्यांचा, ऑइलची स्वच्छ रेघ कुठेच नाही. टॉर्च लावून टाकीत बघितलं तर वर सगळा फेस आणि ऑइल खूप खाली. प्रकरणाचं अर्धं उत्तर इथेच मिळालं.

झालं काय होतं, तर असं नवीन मशीन बहुतेक वेळा कोरडं येतं, इंजिनात पण ऑइल नसतं आणि टाकीत पण नसतं. दाजींनी दोन्ही भरलं होतं, ग्रेड पण मॅन्युअलमध्ये लिहिलेलाच, टाकीत खुणेपर्यंत बरोबर भरलं, इंजिन चालू केलं आणि थेट कामाला लागले. पण खुणेपर्यंत भरलं तेव्हा सिलिंडर आणि होज (ऑइलच्या नळ्या) रिकामे होते ना. या मापाच्या सिलिंडरमध्ये पिस्टन आत असताना रॉडच्या (पिस्टनला जोडलेल्या दांड्याच्या) बाजूलाच साडेचार लिटरच्या आसपास ऑइल मावतं, होजमध्ये आणखी थोडं. एवढं सगळं टाकीतून निघून गेलं, टाकी परत कुणी बघितलीच नाही, पातळी सक्शनच्या, म्हणजे पंप ऑइल ओढतो त्या नळीच्या, तोंडाच्या जवळ आली आणि पंप ऑइलबरोबर हवा ओढायला लागला. ऑइल दाबलं जात नाही म्हणून हायड्रॉलिक चालतं, हवा मात्र स्पंजसारखी दबते, त्यामुळे पंपाने केलेलं काम हवा दाबण्यात जातं, पिस्टन झटके देतो, लाकडावर दाब चढत नाही. तो किंचाळण्याचा आवाज पण त्याचाच. असं बराच वेळ चालवलं तर पंप आतून खराब होतो, आणि टाकी पूर्ण कोरडी असताना चालवलं तर फारच लवकर, तेव्हा तो आवाज ऐकला की लीव्हर नाही, आधी इंजिन बंद.

दुरुस्तीत खर्च फक्त ऑइलचा. फेस बसू दिला, रात्रभर मशीन तसंच ठेवलं, सकाळी ऑइल परत स्वच्छ दिसायला लागलं. दुधासारखं पांढरटच राहिलं असतं तर पाणी गेलंय असं समजून सगळं ऑइल बदलावं लागलं असतं, इथे तसं नव्हतं. मग त्याच ग्रेडचं ऑइल टाकीत भरलं. मॅन्युअलमध्ये आयएसओ व्हीजी ३२ (ऑइलच्या जाडपणाचा नंबर) लिहिलं होतं, थंड हवेला ते बरं, गरम हवेत बरेच जण ४६ वापरतात, पण तुमच्या मशीनच्या मॅन्युअलमध्ये जे आहे तेच घ्या आणि आधीच्यात दुसरं काहीतरी मिसळू नका. फनेल आणि कॅनचं तोंड पुसून घेतलं, धागे सुटणाऱ्या फडक्याने नाही, कारण पंपातल्या आणि व्हॉल्व्हमधल्या फटी इतक्या बारीक असतात की लाकडाचा भुसा किंवा धागासुद्धा महागात पडतो.

त्यानंतर स्पार्क प्लगची वायर काढून ठेवली आणि स्टार्टरची दोरी सावकाश काही वेळा ओढली, म्हणजे इंजिन पेट न घेता पंप फिरतो आणि त्यात ऑइल येतं. मग वायर लावून इंजिन चालू, ओंडका न ठेवता पिस्टन पूर्ण बाहेर, पूर्ण आत, असं बऱ्याचदा, आणि टोकाला पोचल्यावर लीव्हर दाबून न धरता. सुरुवातीला झटके होते, मग कमी झाले, मग बंदच झाले. इंजिन बंद केलं, थोडं थांबलो, पिस्टन आत असतानाच परत डिपस्टिक बघितली, पुन्हा थोडं ऑइल घालावं लागलं. पिस्टन आत हे विसरू नका. रॉड बाहेर आला की सिलिंडरमध्ये रॉडच्या जागेइतकं, म्हणजे इथे सव्वा लिटरच्या आसपास, जास्तीचं ऑइल जातं, टाकी तेवढी उतरते, तेव्हा खुणेपर्यंत भरलं तर पिस्टन आत आल्यावर तेच ऑइल झाकणातून बाहेर येणार.

अजून एक गोष्ट तपासली, सक्शन होजचा क्लॅम्प. ही बाजू फसवी असते, इथे दाब नसतो, ओढ असते, म्हणून क्लॅम्प सैल असला तरी ऑइल ठिबकतच असं नाही, उलट हवा आत जाते आणि बाहेर सगळं कोरडं दिसतं. मशीन चालू असताना जोडावर ब्रशने थोडं ऑइल लावायचं, पंपाचा आवाज क्षणभर बदलला तर हवा तिथूनच जातेय. आवाज बदलला नाही, तरी इंजिन बंद करून क्लॅम्प थोडा आवळून घेतला.

पिस्टन आता रिकामा ९ सेकंदांत बाहेर जातो, ७ सेकंदांत आत येतो, आधी नुसतं बाहेर जायलाच २० सेकंद लागत होते. परत येताना वेग जास्त का, तर रॉडमुळे त्या बाजूला ऑइल कमी लागतं. दाजींचा चेहरा तेव्हाच बदलला होता.

ज्यांच्याकडे छोटं इलेक्ट्रिक मशीन आहे त्यांच्यासाठी याच जागी दुसरी गोष्ट येते. त्यातल्या बऱ्याच मशीनवर हवा सुटायला एक छोटा स्क्रू असतो, काम सुरू करताना तो मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेवढा सैल करायचा आणि मशीन हलवताना किंवा आडवं टाकताना परत घट्ट करायचा. सैल करायचा राहिला तर आत कोंडलेली हवा दाबली जात राहते आणि सील जातं. आणि लांब, बारीक वायरची एक्स्टेन्शन लावू नका, व्होल्टेज पडतं, मोटर गरम होते, आणि तिथेही तक्रार तीच असते, ताकद कमी पडतेय.

इंजिनवर दया

दाजी इंजिन अर्ध्या थ्रॉटलवर चालवत होते, नवीन आहे, जपून वापरू म्हणून. पाण्याच्या पंपाला ठीक असेल, इथे नाही. कमी फेऱ्यांवर इंजिनाकडे जोर कमी असतो, दाब चढला की ते गुदमरतं, बंद पडायला येतं, आणि माणसाला वाटतं हायड्रॉलिकच कमजोर आहे. चालू केल्यावर दोन-चार मिनिटं हळू फिरू द्या, थंडी असेल तर ऑइल पातळ व्हायला आणखी थोडा वेळ द्या, आणि मग काम करताना थ्रॉटल पूर्ण. पेट्रोल भरताना मात्र इंजिन बंद आणि गार. आणि मशीन उघड्यावरच, शेडमध्ये दार उघडं ठेवून पण नको, धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही.

ओंडका उडी का मारतो

ऑइल झालं, थ्रॉटल झालं, सरळ ओंडके फटाफट फुटायला लागले. मग पाच-सहा असे आले की पाचर घुसताच ओंडका एका बाजूने उचलला जायचा. परत तेच वाक्य, "बघ, इथे कमी पडतंय."

ओंडका जमिनीवर उभा करून बघितला, डुलत होता. काप तिरका, एका कडेला चार-पाच सेंमीचा फरक. असा ओंडका प्लेटवर ठेवला की बूड पूर्ण टेकत नाही, फक्त एक कड टेकते, पाचर ढकलते तेव्हा तो त्या कडेवर फिरतो, पाचर रेषांच्या दिशेने न जाता तिरकी घुसते, आणि १९ टनांचा जोर लाकूड फोडायच्या ऐवजी ओंडका उडवायला लागतो. समोर तोंड असेल तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. तिरका काप जास्त असेल तर परत कापून सरळ करायचा, थोडाच असेल तर सरळ बाजू प्लेटकडे आणि तिरकी बाजू पाचरीकडे ठेवायची, याने बराच फरक पडतो.

पण इतके ओंडके तिरके कापलेच का गेले? पुतण्याचा हात वाईट नव्हता. चेन काढून बघितली तर एका बाजूचे दात बोथट आणि दुसऱ्या बाजूचे ठीक, बहुधा पडलेलं झाड कापताना एकदा जमिनीत घुसली असणार. अशी चेन सरळ धरली तरी काप एका बाजूला ओढत नेते. दोन्हीकडचे दात सारख्याच कोनात, सारख्याच लांबीचे घासून घेतले आणि पुढचे ओंडके सरळ निघाले. स्प्लिटरची तक्रार चेनसॉच्या चेनपर्यंत जाते हे मला या सगळ्यात सगळ्यात जास्त सांगावंसं वाटतं, कारण हे मशीनकडे बघत बसून कधीच कळलं नसतं.

लांबीचं पण तसंच. स्टोव्हमध्ये ४० सेंमीच्या वर जात नाही हे माहीत असूनही काही ओंडके ५५ चे होते. मशीनवर मावतात म्हणून फोडायचे आणि मग प्रत्येक चिरफळी परत कापायची, यात दुप्पट काम आहे. कापायच्या आधी ४० सेंमीची काठी घेऊन खोडावर खडूने खुणा केल्या की झालं.

बुंध्याकडचे जाड ओंडके आडव्या मशीनवर उचलून ठेवायचे नाहीत. ६० सेंमी व्यास आणि ४० सेंमी उंची म्हणजे जवळपास ११३ लिटर लाकूड, ओलं असेल तर १०० किलोच्या आसपास किंवा वरच. मशीन उभं केलं, चाकांना ठोकळे लावले, ओंडका लोळवत प्लेटवर आणला. उभ्या मशीनवर काम करताना पाय प्लेटच्या जवळ येत नाहीत ना तेवढं बघत राहायचं.

निलगिरी

निलगिरी हा या प्रकरणातला खरा कस होता. तिच्या रेषा एका सरळीत नसतात, एका थरात एकीकडे झुकलेल्या तर पुढच्या थरात दुसरीकडे, एकमेकांत अडकलेल्या. ओली असताना बऱ्यापैकी फुटते, वाळली की दगड. पाचर मधोमध घातली की ती शिरते, तडा जातो, पण दोन्ही बाजू तंतूंनी धरलेल्या राहतात, आणि पाचर प्लेटपर्यंत पूर्ण पोचत नाही, थोडी जागा सोडूनच थांबते, त्यामुळे शेवटचे तंतू तुटत नाहीत.

इथे पद्धत बदलावी लागते. मधून फोडायचंच नाही. कडेपासून तीन-चार बोटं आत पाचर लावायची आणि सालीकडून एकेक फाक काढत ओंडका फिरवत जायचं, आतला गाभा शेवटी चौकोनी उरतो, तो मग सहज फुटतो. आधीच वाळून पडलेला तडा असेल तर पाचर त्याच्या रेषेत लावायची. गाठ असेल तर पाचर तिच्या डोक्यावर न नेता बाजूने न्यायची. एका बाजूने हललं नाही तर ओंडका उलटा करून दुसऱ्या बाजूने.

आणि पाचर थांबली, आवाज बदलला, की लीव्हर सोडायचा. पाच सेकंदांत काही झालं नाही तर पन्नास सेकंदांत पण होणार नाही. तेव्हा रिलीफ व्हॉल्व्ह उघडलेला असतो आणि पंपाचं सगळं काम उष्णतेत जात असतं. मिनिटाला १० लिटर ऑइल २०० बारवर म्हणजे ३ किलोवॅटच्या वर उष्णता, ती सगळी ऑइलमध्येच. दाजी दाबून धरायचे, "आता फुटेल, आता फुटेल" करत, आणि दुपारपर्यंत टाकीला हात लावता येत नव्हता. ऑइल ८० अंशांच्या वर गेलं की सील कडक व्हायला लागतात, ऑइल पातळ होऊन आतल्या आत गळतं आणि मग खरोखरच ताकद कमी पडते.

बेचकी आम्ही मशीनवर सरळ घातलीच नाहीत. चेनसॉने लांबीच्या दिशेने अर्ध्यापर्यंत चीर दिली आणि मग पाचर त्या चिरेत लावली. ओंडका आडवा टाकून रेषा कापायचा प्रयत्न मात्र कधीच करायचा नाही. ही पाचर कापायची नाही, फाकवायची आहे, आडव्या लाकडात जोर साठत जातो आणि ते अचानक तुकडे उडवत फुटतं.

लीव्हर एकाकडे, ओंडका दुसऱ्याकडे

मी गेलो तेव्हा दाजी ओंडका धरत होते आणि पुतण्या लीव्हर ओढत होता. कामाला वेग येतो म्हणून. हे मी पहिल्याच दिवशी थांबवलं, ऑइल बघायच्या पण आधी. "दाजी, ज्याच्या हातात लीव्हर त्यानेच ओंडका ठेवायचा, दुसऱ्याने मशीनला हात लावायचा नाही." या मशीनवर बोटं जाण्याचं अगदी नेहमीचं कारण हेच असतं की एक जण ओंडका सरळ करतोय आणि दुसऱ्याला वाटलं झालं. एकच माणूस असेल तर त्याला स्वतःचा हात कुठे आहे ते माहीत असतं. युरोपात या मशीनसाठी ईएन ६०९-१ हे स्टँडर्ड आहे आणि तिकडच्या मशीनवर दोन्ही हातांनी दोन लीव्हर धरल्याशिवाय पाचर हलतच नाही, कारण हेच. एका लीव्हरच्या मशीनवर ती शिस्त आपण पाळायची असते.

ओंडका नेहमी कुशीला धरायचा, टोकांना कधीच नाही, आणि पाचर लाकडाला टेकली की हात बाजूला. तड्यात बोट घालायचं नाही, पाचर मागे गेली की अर्धवट फुटलेला चिवट ओंडका मिटतो. हातमोजे मापाचे, सैल मनगटाचे नकोत. डोळ्यांना चष्मा, कानांना मफ, पायात पुढून लोखंडी टोपी असलेले बूट. मागे येतानाचा लीव्हर आपोआप अडकून राहतो, ते ठीक, पुढे जातानाचा हात सोडला की मध्ये आलाच पाहिजे, तो दोरीने बांधून ठेवणारे लोक आहेत, तसं कधीच करू नका.

पुतण्याला दुसरं काम दिलं. तो तीन मीटर लांब उभा राहून इंजिन शांत झालं की फुटलेलं लाकूड उचलायचा. वेग काही कमी झाला नाही, उलट पायाखालचा पसारा गेल्यामुळे काम सलग झालं.

होजचा जोड

दुसऱ्या दिवशी दाबाच्या होजच्या जोडाजवळ ओलसर दिसलं आणि दाजींनी मशीन चालू असतानाच बोट पुढे केलं. मी हात धरला. २०० बारच्या ऑइलची सुईच्या टोकाएवढी धार डोळ्यांना दिसत नाही, आणि कातडी भेदायला ७ बारच्या आसपास दाबही पुरतो. ते हातात शिरलं की बाहेरून फक्त टोचल्याचा ठिपका दिसतो, सुरुवातीला फारसं दुखत पण नाही, आत मात्र ऑइल पसरत जातं आणि काही तासांत हात वाचवायला ऑपरेशन लागतं. असं कुणाला झालंच तर दुखायची वाट बघायची नाही, लगेच हॉस्पिटल आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं की जास्त दाबाचं हायड्रॉलिक ऑइल आत गेलंय. गळती शोधायची ती पुठ्ठ्याचा तुकडा लांबून फिरवून. आवळायचं ते इंजिन बंद करून आणि लीव्हर पुढे-मागे हलवून दाब सोडल्यावर. इथे जोड फक्त सैल होता, पाव फेरी आवळला आणि थांबला.

लाकूड रचल्यावर

फोडलेलं लाकूड जमिनीपासून वर, खाली फळ्या टाकून रचलंय, वरून झाकलं, बाजू उघड्या. लाकडातलं पाणी मुख्यतः कापलेल्या टोकांतून जातं, म्हणून टोकं वाऱ्याकडे. जाळायला घेताना ओलावा २० टक्क्यांच्या खाली पाहिजे, आणि तो मीटरने बाहेरून मोजायचा नाही, चिरफळी परत फोडून आतल्या ताज्या बाजूवर पिना रेषांच्या दिशेने टोचायच्या. बाहेरून १६ दाखवणारं लाकूड आतून ३० चं निघू शकतं, आणि ते जाळलं की चिमणीत डांबरासारखा थर बसतो.

इंजिनाचं पहिलं ऑइल पाच तासांनी बदललं. हायड्रॉलिकचा फिल्टर पहिल्यांदा मॅन्युअलमध्ये दिलेल्या तासांना बदलायचा आहे, नवीन मशीनमधला धातूचा बारीक चुरा सुरुवातीलाच निघतो त्यामुळे तो पहिला बदल टाळू नका.

आता दाजी चार पात्यांची पाचर बघतायत, एका फटक्यात चार तुकडे. मी त्यांना सांगितलं, सरळ लाकडाच्या २५ सेंमीपर्यंतच्या ओंडक्यांना घ्या, निलगिरीला नको. चार पात्यांना लाकूड दोन दिशांना एकदम फाकवावं लागतं, जोर बराच जास्त लागतो, आणि चिवट ओंडका त्यात असा रुतून बसतो की काढायला अर्धा तास जातो. इथे टनांचा प्रश्न खरंच येतो, चिवट लाकडाला २० टन कमी पडतील.